पेटी ओळख दाखवेना

चालू यंत्राची पूजा करायची नसते, असं माझ्या वडिलांचं ठाम मत होतं. ते रेल्वेत, सिग्नलच्या खात्यात. मूळचे अकोल्याकडचे, बदलीने जयपूरला आलेले आणि इथल्याच क्वार्टरमध्ये निवृत्तीची वाट बघणारे. त्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी मी सहज म्हटलं, की ऑफिसातल्या सर्व्हरलाही हळदकुंकू वाहीन म्हणते. पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "वाहा ना. पन आधी बंद कर. चालू पट्ट्याले कुकू लावाले गेलेल्या मानसाची बोटं म्या पाह्यली हायेत. मतलब, नसलेली."

"बाबा, त्यात पट्टा नसतो. नुसत्या वायरी असतात."

"हत्यार ते हत्यार. वर्षातून एक रोज त्याले आराम पाह्यजे."

आता खरं सांगायचं तर तो सर्व्हर मी वर्षाहून जास्त दिवस एकदाही बंद केलेला नव्हता, आणि याचा मला इतका गर्व होता की ऑफिसात येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते ऐकवत असे. पण वडिलांशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. नवमीच्या दुपारी मी सर्व्हर रीतसर बंद केला, त्याच्यावरची धूळ पुसली, कपाळ समजून पुढच्या पत्र्यावर कुंकू लावलं आणि वर झेंडूची माळ घातली. ऑफिसातल्या कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. राजस्थानातही दसऱ्याला शस्त्रं पुजतात. फक्त पूजेच्या हत्याराला दसरा उलटेपर्यंत हात लावायचा नाही, हे खूळ आमच्या घरचं.

तेव्हा मी सांगानेरला एका छोट्या कंपनीत होते. कापडावरच्या हातछपाईची जुनी नक्षी स्कॅन करून जपायची आणि छापणाऱ्यांना हवी तेव्हा काढून द्यायची, हे कंपनीचं काम. ज्या दोन यंत्रांवर ते चालायचं ती सांभाळणं हे माझं. एक लिनक्सचा सर्व्हर, आणि त्याच्या शेजारी एक काळी पेटी, आत नुसत्या डिस्क. पेटीतली जागा दोन भागांत वाटलेली होती, आणि ते दोन्ही भाग सर्व्हर नेटवर्कच्या वायरीवरून असे वापरायचा, जणू ते त्याच्याच पोटात आहेत. सगळी चित्रं पेटीत. सर्व्हरच्या स्वतःच्या पोटात म्हणाल तर काहीच नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी माळ उतरवली आणि बटण दाबलं. सर्व्हर ताजातवाना होऊन उठला. मी खुशीत नमुन्यांचं फोल्डर उघडलं आणि ते रिकामं निघालं. चूक दाखवली नाही, तक्रार केली नाही, लाल अक्षरात काही लिहून आलं नाही. नुसता पांढरा पडदा. मी ते बंद करून पुन्हा उघडलं. आपण सगळेच असं करतो, जणू दुसऱ्यांदा बघितल्यावर त्याला लाज वाटेल.

नेमके तेव्हाच दारात एक आजोबा येऊन उभे राहिले, सोबत त्यांची नात. सांगानेरच्या जुन्या छपाईवाल्या घराण्यातले ते. हात आता कापायचा, त्यामुळे छापणं सुटलेलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घराण्याची नमुन्यांची वही स्कॅन करायला आमच्याकडे दिली होती. प्रत्येक पानावर कापडाचा तुकडा चिकटवलेला, खाली कोळशाने काढलेली रेघ. मी स्वतः एकेक पान उलटून ती स्कॅन केली होती. वही परत नेऊन त्यांनी लाकडी संदुकीत कुलूपबंद ठेवली, आणि या पावसाळ्यानंतर उघडून बघतात तो वाळवीने तिचा भुगा केलेला. आता जे काही होतं ते आमच्या पेटीत.

त्यांना एकच बेल हवी होती, म्हणजे ओढणीच्या काठाची वेलबुट्टी. दिवाळीनंतर देवउठनी एकादशीला नातीचं लग्न, आणि घराण्यातल्या प्रत्येक मुलीची ओढणी त्याच बेलीने छापायची अशी रीत. ती छापायचा जुना लाकडी ठप्पा चिरलेला. नवा कोरणारा कारागीर दुपारच्या गाडीने आपल्या गावी फर्रुखाबादला चालला होता, तिथेच कोरून पाठवणार होता. जाताना दोन वाजता तो चित्र न्यायला येणार होता. एवढं सगळं आजोबांनी दाराबाहेरच्या बाकावर बसता बसता सांगितलं आणि म्हणाले, "आराम से करो बेटी, जल्दी नहीं है। दो बजे तक का टाइम है।"

मी म्हटलं, "जी दादाजी, बस अभी।" आणि पाठ फिरवली, कारण माझा चेहरा कधी खोटं बोलत नाही.

आता लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी भीतीच्या जोडीला मला जे वाटलं त्याला दुसरा शब्द नाही: मजा. माझ्या स्वभावातच ती खोट आहे. काही बिघडलं की माझ्या अंगात येतं. घरात फ्यूज उडाला तर आई मेणबत्ती शोधते आणि मी स्टुलावर चढलेली असते. मी बाह्या सरसावल्या.

आधी वायरी. पूजेच्या वेळी मीच सगळं हलवलेलं, तेव्हा संशय माझ्यावरच. एकेक वायर उपटून पुन्हा बसवली. वायरी जिथे एकत्र येतात त्या डबीच्या जाळीत झेंडूची एक पाकळी अडकलेली सापडली, तेव्हा तर मी जवळजवळ नाचलेच. चिमट्याने पाकळी काढली, फोल्डर उघडलं. पांढरं.

मग सर्व्हरवरून पेटीला हाक मारून बघितली. पेटीने लगेच ओ दिली. म्हणजे वायर ठीक, रस्ता ठीक. मग पेटीकडच्या डिस्क मागून घेणारी जी सेवा सर्व्हरवर चालते ती बघितली, तर ती झोपलेली. सर्व्हर चालू होताना तिलाही उठव, असं मी कधी सांगूनच ठेवलं नव्हतं. वर्षभर यंत्र बंदच झालं नव्हतं, तर आठवण कुणाला. सापडला चोर, असं मी मोठ्याने म्हणाले. सेवा सुरू केली. सर्व्हरने पेटीचं दार ठोठावलं, पेटीने दार उघडलं, पडद्यावर लिहून आलं की जोडणी यशस्वी. मी टाळी वाजवली. आजोबांनी बाहेरून विचारलं, "मिल गया?"

मिळालं नव्हतं. जोडणी झाली, आणि डिस्क एकही नाही. हे मी कधी पाहिलं नव्हतं. पाहुण्याला दार उघडून आत घ्यावं, बसा म्हणावं, आणि पाणीसुद्धा विचारू नये, तसा प्रकार. बंद दार मला समजतं. उघडं दार आणि रिकामं घर बघून माझं डोकंच फिरलं. मी सेवा चारदा बंद-चालू केली. पेटीला दोन अस्सल वऱ्हाडी शिव्या दिल्या, ज्या वडिलांनी सिग्नलला देताना मी लहानपणी पाठ केल्या होत्या.

साडेअकराला आमच्या मॅडम आल्या. कंपनी त्यांची. त्यांनी आजोबांची विचारपूस केली, माझ्याकडे एक नजर टाकली आणि पेटी ज्यांनी विकली होती त्यांच्या इंजिनिअरला स्वतःच फोन लावून स्पीकरवर ठेवला. तो इंजिनिअर फार सभ्य होता, आणि त्याला फार घाई होती. मी काय काय तपासलं ते त्याने ऐकून घेतलं, निम्मं.

"मैडम, वॉल्यूम की मैपिंग करप्ट हो गई है। डिलीट करके नया बना दीजिए, दस मिनट का काम है। फिर बैकअप से डेटा वापस डाल लीजिए।"

पेटीचं स्वतःचं एक पान होतं, ब्राउझरमध्ये उघडायचं. त्यावर दोन्ही भाग दिसत होते, हिरवे, धडधाकट. समोर 'काढून टाका'चं बटण. मी काही म्हणायच्या आत मॅडमनी घड्याळ बघितलं.

"कर दो ना। बैकअप तो है।"

हे वाक्य त्या विश्वासाने म्हणाल्या, कारण दर महिन्याच्या बैठकीत तो विश्वास मीच त्यांना देत आले होते. बैकअप? है मैडम. आणि प्रत्यक्षात कोऱ्या डीव्हीडींचं पाकीट माझ्या खणात, वेष्टनसुद्धा न काढता. पुढच्या आठवड्यात करू, मग दिवाळीच्या आधी करू, मग हा सर्व्हर कुठे बंद पडतोय, वर्षभर नाही पडला. त्या घराण्याच्या वहीची जगात एकच प्रत होती आणि ती त्या बटणाच्या पलीकडे होती. हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं.

माझा हात माऊसवर होता. मी तो उचलून मांडीवर ठेवला.

"बैकअप नहीं है, मैडम. मैंने झूठ बोला था. हर महीने."

पलीकडून इंजिनिअर म्हणाला, "हॅलो?" मॅडमनी फोन बंद केला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या दाराकडे बघत राहिल्या. दार सताड उघडं होतं आणि बाहेरच्या बाकावर आजोबा बसलेले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. नातीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मला वाटलं होतं की खरं सांगितल्यावर मी रडेन. पण झालं उलटंच. डोकं एकदम साफ झालं. लपवायला काही उरलं नाही की माणसाला किती मोकळं वाटतं, हे मला तेव्हा कळलं. मी मॅडमना म्हटलं, एक वाजेपर्यंत मला द्या, पेटीला मी धक्का लावणार नाही, फक्त वाचणार आहे.

त्या म्हणाल्या, "पढ़ो।" आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसल्या, पहाऱ्याला बसावं तशा.

इतका वेळ मी सर्व्हरला विचारत होते की तुला काय दिसतं. पेटीला विचारलंच नव्हतं की तुझ्याकडे कोण आलं. पेटीच्या पानावर तिची नोंदवही असते, कोण आलं, कधी आलं. ती उघडून मी वरून खाली एकेक ओळ वाचायला लागले. सकाळपासूनच्या माझ्या सगळ्या धडका तिथे व्यवस्थित लिहिलेल्या: अमुक नावाचा सर्व्हर आला, जोडला गेला, त्याला दाखवण्याजोगं काही नाही. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी त्या अमुक नावाकडे बघितलं. छान, सुटसुटीत नाव होतं. आमच्या कंपनीचं आणि खोलीचं मिळून केलेलं.

मग दुसरं पान उघडलं, जिथे पेटी लिहून ठेवते की हे दोन भाग कुणाला दाखवायचे. तिथे एकच नाव. लांबलचक, आकड्या-अक्षरांची खिचडी. ते वेगळं होतं.

आणि मला आठवलं. इतकं स्पष्ट आठवलं की कान गरम झाले. उन्हाळ्यात, एका रिकाम्या दुपारी, पंख्याखाली बसून मी सर्व्हरची नीटनेटकी मांडामांड करत होते. तेव्हा एका फाईलमध्ये ते लांबलचक नाव दिसलं. पेटीशी बोलताना सर्व्हर स्वतःची ओळख त्या नावाने करून देतो. यंत्र बसवताना आपोआप पडलेलं नाव, ना अर्थ ना चव. मी ते खोडून तिथे साजरंसं नाव घातलं. काही बिघडलं नाही. बिघडणार कसं? जोडणी आधीच झालेली होती, जुन्या नावाने, आणि ती कधी तुटलीच नाही. नवं नाव फाईलमध्ये तसंच पडून राहिलं. परवा कुंकू लावायला मी सर्व्हर बंद केला, आज तो नव्या नावाने पेटीच्या दारात गेला, आणि पेटी म्हणाली, आपण कोण? तिने मालाला हात लावला नव्हता. अनोळखी माणसाला तो दाखवला नव्हता, एवढंच. जे तिने करायला हवं होतं तेच.

"मिल गया," मी म्हणाले. या वेळी टाळी वाजवली नाही.

मॅडमनी विचारलं, पेटीतच नवं नाव लिहून टाकलं तर? चाललं असतं. पण ज्या घरात माल आहे तिथे माझा हात आता नको, असं मी ठरवलं होतं. सर्व्हरलाच त्याचं जुनं नाव परत द्यायचं. अडचण एवढीच, की ते नाव माझ्या टेबलावरच्या पडद्यावर होतं आणि सर्व्हरचा कीबोर्ड खोलीच्या दुसऱ्या टोकाला. बारीक अक्षरं वाचायला तरुण डोळे हवेत म्हणून मी बाहेर हाक मारली तेव्हा नात उठून आली. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती ती. पडद्याला नाक लावून तिने एकेक अक्षर, एकेक आकडा, टिंब, रेघ मला वाचून दाखवली, आणि मी टाइप करून मोठ्याने परत म्हटली. शेवटच्या अक्षरावर ती म्हणाली, "बस।"

सेवा बंद केली. सेवा चालू केली. सर्व्हरने दार ठोठावलं, पेटीने उघडलं, आणि पडद्यावर खालून एक ओळ वर सरकली, मग दुसरी. दोन नव्या डिस्क आढळल्या. त्या ओळी मी अजूनही कुठे पाहिल्या की मला बरं वाटतं. मी फोल्डर जोडलं, उघडलं, आणि नावं धबाधबा खाली येत राहिली, पानामागून पान, घराण्यामागून घराणं. मी उडी मारली. मॅडमनी मला मिठी मारली, आणि मग आठवून लगेच सोडली, कारण त्या माझ्यावर चिडलेल्या होत्या.

आजोबा आत आले. आपली बेल कितव्या पानावर ते त्यांना तोंडपाठ होतं. मी ते पान उघडलं, तशी नात खिडकीपाशी जाऊन पाठ फिरवून उभी राहिली. आजोबांनी बोट पडद्यापासून इंचभर लांब धरून त्या बेलीवरून फिरवलं, आणि फक्त म्हणाले, "यही।" कारागीर दोनला आला, छापील कागद घेऊन गुंडाळी करून स्टेशनला गेलासुद्धा. माझ्या सकाळची त्याला काही खबर नव्हती.

आजोबा मात्र गेले नाहीत. म्हणाले, "अब वो दूसरी बना।" दुसरी म्हणजे दुसरी प्रत. मी निमूटपणे खण उघडून पाकिटाचं वेष्टन फाडलं. त्यांच्या वहीला तीन डिस्क लागणार होत्या. मॅडम म्हणाल्या, दोन संच कर. मी डिस्कमागून डिस्क भरत बसले आणि आजोबा प्रत्येक बाहेर आली की हातात घेऊन बघत. उन्हं ऑफिसाच्या मागच्या मैदानात वाळत घातलेल्या कापडांवरून उतरायला लागली.

एक संच ऑफिसच्या कपाटात जाईल, असं मी त्यांना सांगितलं. दुसरा मात्र इथे ठेवण्यात अर्थ नाही. इथे काही झालं तर दोन्ही जातील. आमच्या कामात नियम असा, की दुसरी प्रत दुसऱ्या छपराखाली हवी, दुसऱ्या गावात असली तर फारच उत्तम. नियम मला पहिल्यापासून ठाऊक होता. पाळला नव्हता, इतकंच.

आजोबांनी विचार केला. "दूसरे गाँव तो ये जा रही है।"

नात एकदम म्हणाली, "दादाजी, किताब? बगरू?"

मला समजेना. मॅडमनीच हळू आवाजात सांगितलं. नातीचं सासर बगरूचं, तेही छपाईवालं घराणं. सांगानेर आणि बगरू, शेजारची दोन गावं, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या तोडीस तोड छापणारी. आणि या घरात वही मुलींना देत नसत. देतच काय, दाखवतही नसत. मुलगी परक्या घरी जाणार, नक्षी तिच्या डोळ्यांतून तिकडे जाईल. बेलीची ओढणी ती पांघरून जाई, वही मुलांची. मघाशी आजोबांसाठी मी पान उघडलं तेव्हा ती खिडकीपाशी जाऊन पाठ फिरवून का उभी राहिली होती, ते मला आता कळलं. आणि मघाशी त्या पेटीचं कुलूप उघडायला अक्षरं वाचली होती तिनेच.

"घर में ही तो रखी थी," आजोबा म्हणाले. "ताला लगाके। घर में ही गई।"

त्यांनी तिन्ही डिस्क नातीच्या हातात दिल्या. तिसरी अजून कोमट होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग तिने जे विचारलं, ते विचारायला तिला किती धैर्य लागलं असेल, ते त्या घरातच कळावं.

"वहाँ छापूँ तो?"

"रखने को थोड़ी दी है।"

ती रडली नाही. माझ्या शेजारची मॅडमची खुर्ची रिकामी होती, ती ओढून बसली, आणि मला म्हणाली, "दीदी, पहले पन्ने से दिखाओ।"